पेव उघडण्याआधी

विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत
एकतीस जॉब माझ्या नावावर आहेत.
रात्री अडीचला उठतात,
यार्डातल्या दिवसभराच्या सौद्यांची पोती मोजतात,
वजन, ओलावा, दर, अडत,
आणि पाचच्या आत पुन्हा निजतात.
त्यांचं यंत्र कुठल्या गावात आहे
मला माहीत नाही.
सगळे क्लाउड म्हणतात, मीही म्हणते.

मार्चअखेर जुनी आवृत्ती बंद.
तसं पत्र आलंय, सभ्य, तारखेसकट,
पाणी येणार नाही म्हणून सोसायटी लावते तसं.
"नुसता आकडा बदलायचा आणि चालवायचं,"
पुण्याहून साहेब म्हणाले,
दारावरची पाटी बदलावी इतकं सहज.

माझे सासरे हरिपुरात पेवांवर मुकादम होते.
जमिनीच्या पोटात हळद,
वर माती, मातीवर बाभळी, कुणाला पत्ता नाही.
जेवताना मी आवृत्तीचं सांगितलं
तर भाकरी मोडत म्हणाले,
"पेव उघडलं म्हणून लगेच उतरायचं नसतंय.
झाकण काढायचं, लांब जाऊन बसायचं.
दोन-चार तासांनी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
इझला, तर आत माणसाचं काम नाही."
मग ताक मागितलं.

म्हणून मी आधी प्रती काढल्या.
खऱ्या पोत्यांना हात नाही,
एकेका जॉबला एकेका दिवसाचाच माल.
सोळा सरळ उतरले.
दोघांनी जुन्या लायब्ररीसाठी हट्ट धरला,
त्यांची समजूत काढली.
एकोणिसाव्याच्या माथ्यावर मात्र एक ओळ होती:
"याला हात लावू नये. का चालतं माहीत नाही. – सन्मती"

सन्मती चौगुले आता कुपवाडला
बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवतो.
फोन केला तर हसत सुटला,
"अजून चालतंय व्हय ते?"
पुढं काही आठवेना त्याला.
मागं कुणीतरी ट्रक रिव्हर्स घेत होतं.

मी तीस डिसेंबरचा दिवस आत सोडला.
कंदील विझला.

वर्षाची चार अक्षरं, कॅपिटल.
एवढंच.
त्या अक्षरांचा अर्थ साधं वर्ष नाही,
आठवडा ज्या वर्षात मोडतो ते वर्ष.
म्हणजे डिसेंबरचे शेवटचे दोन-चार दिवस
उडी मारून पुढच्या सालात.
जुनी आवृत्ती रुमालाखालच्या सौद्यासारखी,
बोट दाबलं की समजून घ्यायची,
बरोबर की चूक ते रुमालालाच ठाऊक.
नवीला रुमाल चालत नाही.
ती थांबते आणि म्हणते,
हे कुठलं वर्ष, नीट सांग.

तुंगचे जिनगोंडा पाटील,
राजापुरी, अकरा पोती,
न उजाडलेल्या वर्षात विकलेली.
अशी सात वर्षं.
डिसेंबरात यार्डात हळद येते ती थोडी,
कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.
पैसे वेळेवर मिळाले असतील त्यांना,
बहुतेक.
त्या "बहुतेक"पाशी मी बराच वेळ बसून राहिले.

साहेबांना लिहिलं, मागचं सगळं पुन्हा मोजायला हवं.
उत्तर आलं, "सध्या फक्त आवृत्ती."

अक्षरं बारीक केली.
अडीच वाजता सासरे पाणी प्यायला उठले,
दारात थांबून स्क्रीनकडं बघत म्हणाले,
"उतरलीस?"
"नाही अजून. कंदील सोडलाय."
ते तिथंच उभे राहिले, हातात तांब्या,
काहीच न कळणाऱ्या ओळी सरकताना बघत,
पेवाच्या तोंडाशी उभं राहावं तसे,
थोडे मागं सरून.

सन्मतीची ओळ मी पुसली नाही.
तिच्याखाली माझी लिहिली:
"का चालत होतं ते आता माहीत आहे.
सात डिसेंबर मोजायचे बाकी."
तारीख टाकली. वर्ष दोनदा तपासलं.
अजून बारा जॉब आहेत.